एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शननंतरचा रक्तस्राव

एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शननंतरचा रक्तस्राव ही पाठदुखी, मानदुखी आणि सायटिका यांवर मणक्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची एक दुर्मीळ परंतु गंभीर गुंतागुंत आहे. सुईमुळे पाठीच्या कण्यातील एखादी रक्तवाहिनी दुखावली गेल्यास मेरुरज्जूभोवतीच्या बंदिस्त जागेत रक्त साठते व तेथेच साकळते. साकळलेल्या रक्ताच्या या गोळ्यास वैद्यकीय परिभाषेत 'स्पायनल एपिड्युरल हिमॅटोमा' असे म्हणतात. या गोळ्याचा दाब मेरुरज्जूवर अथवा त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंवर पडल्यास काही तासांत हातापायांतील शक्ती जाणे, त्वचेची संवेदना नाहीशी होणे आणि मलमूत्रविसर्जनावरील ताबा सुटणे असे परिणाम होऊ शकतात. वेळेत शस्त्रक्रिया झाल्यास रुग्ण पूर्ववत होऊ शकतो. विलंब झाल्यास आलेला लुळेपणा कायमचा ठरण्याची शक्यता असते. म्हणूनच ही गुंतागुंत क्वचित घडत असली तरी तिची गणना वैद्यकीय आणीबाणीत केली जाते.

## शरीररचना

पाठीचा कणा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा बनलेला असतो. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाची एक कमान असते. या कमानींच्या ओळीतून तयार झालेल्या नलिकेत मेरुरज्जू सुरक्षित राहतो. प्रौढ माणसात मेरुरज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांच्या दरम्यान संपतो. त्याखाली केवळ मज्जातंतूंचा जुडगा असतो. घोड्याच्या शेपटीसारख्या दिसणाऱ्या या जुडग्यास 'कॉडा इक्वायना' म्हणतात. पायांची हालचाल, बैठकीच्या भागाची संवेदना आणि मूत्राशय व गुदाशय यांचे नियंत्रण या तंतूंकडे असते.

मेरुरज्जूभोवती तीन आवरणे असतात. त्यांतील सर्वांत बाहेरचे व जाड आवरण म्हणजे ड्युरा (दृढतानिका) होय. ड्युरा आणि हाडांची नलिका यांच्यामध्ये जी अरुंद जागा राहते तिला एपिड्युरल पोकळी म्हणतात. ती रिकामी नसते. तिच्यात चरबी, मज्जातंतूंची मुळे आणि पातळ भिंतींच्या शिरांचे दाट जाळे असते. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये या शिराजालाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ते 'बॅटसनचे शिराजाल' या नावाने ओळखले जाते. या शिरांमध्ये झडपा नसतात. त्यामुळे खोकताना, कुंथताना अथवा पोटावर दाब आल्यावर त्या रक्ताने फुगतात. स्टेरॉइडचे इंजेक्शन नेमके याच पोकळीत दिले जात असल्याने सुई आणि शीर यांची गाठ पडण्याची शक्यता कधीही शून्य नसते.

## इंजेक्शन व त्याचे प्रकार

दोन मणक्यांमधील चकती बोलीभाषेत 'गादी' म्हणून ओळखली जाते. ती सरकून मज्जातंतूच्या मुळावर आल्यास मूळ दाबले जाते व त्याला सूज येते. त्यातून कमरेपासून पायापर्यंत जाणारी कळ, म्हणजे सायटिका, उद्भवते. स्टेरॉइड ही सूज कमी करते. त्यासाठी मिथाइलप्रेडनिसोलोन, ट्रायॲमसिनोलोन, बीटामेथासोन व डेक्सामेथासोन ही औषधे प्रामुख्याने वापरली जातात. त्यांच्यासोबत बहुधा भूल देणारे औषधही मिसळतात. भारतात हे इंजेक्शन भूलतज्ज्ञ, वेदनाशमनतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ अथवा मणक्याचे शल्यविशारद देतात.

सुई नेण्याच्या मार्गावरून इंजेक्शनाचे तीन प्रकार पडतात :

- इंटरलॅमिनार : पाठीच्या मध्यभागाजवळून, दोन मणक्यांच्या कमानींमधील फटीतून सुई आत नेली जाते.
- ट्रान्सफोरॅमिनल : मज्जातंतू ज्या छिद्रातून कण्याबाहेर पडतो त्या छिद्रातून, बाजूने सुई नेली जाते. औषध थेट सुजलेल्या मुळाशी पोहोचते. मात्र या छिद्रातून धमन्याही जात असतात.
- कॉडल : माकडहाडाच्या वरच्या बाजूस असलेल्या नैसर्गिक छिद्रातून सुई आत सोडली जाते.

आज बहुतेक ठिकाणी ही प्रक्रिया क्ष-किरणांच्या साहाय्याने केली जाते. त्यासाठीच्या यंत्रास 'सी-आर्म' म्हणतात. पडद्यावर सुईचे टोक पाहून आधी थोडे रंगद्रव्य सोडले जाते. ते शिरेत अथवा धमनीत वाहून जात नाही याची खात्री पटल्यावरच औषध दिले जाते. ही दक्षता औषध चुकीच्या जागी जाण्यास प्रतिबंध करते. शिरेला होणारी इजा मात्र तिने पूर्णपणे टळतेच असे नाही.

## इतिहास

१९०१ मध्ये पॅरिसमध्ये जॉं-अथानास सिकार आणि फेर्नां काथेलॅं या दोन फ्रेंच वैद्यांनी स्वतंत्रपणे कॉडल मार्गाने एपिड्युरल पोकळीत कोकेनचे इंजेक्शन दिले. सिकार यांनी त्याचा उपयोग सायटिकाच्या वेदनेवर केला. १९२१ मध्ये स्पेनमधील लष्करी शल्यविशारद फिदेल पाखेस यांनी कमरेतून एपिड्युरल भूल देण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

स्टेरॉइडचा उपयोग यानंतर बऱ्याच काळाने सुरू झाला. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले व त्याचा परिणाम पाहून वैद्यकविश्व चकित झाले. या संशोधनासाठी हेंच, एडवर्ड केंडॉल आणि तादेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यानंतर लगेच, १९५२-५३ च्या सुमारास, युरोपातील वैद्यांनी सायटिकासाठी मज्जातंतूंच्या मुळांजवळ हायड्रोकॉर्टिसोन देण्यास प्रारंभ केला.

मणक्यात सुई घातल्यानंतर होणारा रक्तस्राव वैद्यांना भूलशास्त्रातून आधीच ठाऊक होता. या प्रश्नाकडे नव्याने लक्ष वेधले गेले ते १९९० च्या दशकात. १९९३ मध्ये अमेरिकेत एनॉक्सापॅरिन हे गुठळीरोधक इंजेक्शन वापरात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत, हे औषध घेणाऱ्या आणि मणक्यातून भूल दिलेल्या रुग्णांमध्ये एपिड्युरल हिमॅटोमाच्या अनेक घटना नोंदवल्या गेल्या. युरोपात हे औषध दिवसातून एकदा दिले जात असे, तर अमेरिकेत दिवसातून दोनदा देण्याची पद्धत होती. त्यामुळे सुई घालण्यासाठी रक्ताची गोठण्याची क्षमता पुरेशी पूर्वपदावर आली आहे अशी वेळ तेथे सापडत नसे. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत डॉक्टरांना जाहीर इशारा दिला. पुढच्याच वर्षी तेथील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने गुठळीरोधक औषधे घेणाऱ्या रुग्णांसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे तयार केली.

एप्रिल २०१४ मध्ये याच प्रशासनाने एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शनांनंतर क्वचित दृष्टी जाणे, मेंदूतील पक्षाघात, लुळेपणा व मृत्यू असे गंभीर परिणाम होऊ शकतात असा इशारा दिला आणि औषधांच्या माहितीपत्रकात तो छापणे बंधनकारक केले. स्टेरॉइडच्या या वापरास प्रशासनाने औपचारिक मान्यता दिलेली नाही, हेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले.

## रक्तस्राव कसा होतो

त्वचेला सुई टोचल्यावर रक्त आले तर ते बाहेर वाहून जाते आणि बोटाने दाबले की थांबते. एपिड्युरल पोकळीत यांपैकी काहीच शक्य नसते. तिच्याभोवती हाडांची भिंत असल्यामुळे साठणाऱ्या रक्ताला पसरण्यास फारशी जागा मिळत नाही. थोडे रक्त असेल तर ते पोकळीत वर-खाली पसरते किंवा मज्जातंतूंच्या छिद्रांवाटे कण्याबाहेर जाते व कोणतेही लक्षण न दाखवता शोषले जाते. सुई शिरेला लागण्याचे प्रसंग तुलनेने बरेच घडत असूनही लुळेपणा क्वचितच येतो, याचे हे एक कारण आहे.

रक्त वाहत राहिले किंवा बाहेर जाण्याची वाट बंद असली, तर पोकळीतील दाब वाढतो. या दाबाने प्रथम मेरुरज्जूतून रक्त वाहून नेणाऱ्या शिरा मिटतात. त्यामुळे तेथे रक्त तुंबून सूज येते. पुढे मेरुरज्जूला होणारा शुद्ध रक्ताचा पुरवठाही अपुरा पडतो. प्राणवायूविना मज्जापेशी फार काळ तग धरू शकत नाहीत. सुरुवातीचे नुकसान दाब काढल्यास भरून येण्यासारखे असते. ठरावीक मर्यादेनंतर पेशी मृत होतात आणि नंतर दाब काढूनही त्या पुन्हा कार्यक्षम होत नाहीत. या आजारात तासांचा हिशेब महत्त्वाचा असतो तो यामुळेच.

## प्रमाण

या गुंतागुंतीचे प्रमाण फार कमी आहे. मणक्यातून दिल्या जाणाऱ्या भुलेसंबंधी १९९३ मध्ये केलेल्या आणि पुढे वारंवार उद्धृत झालेल्या अंदाजानुसार एपिड्युरल भुलेनंतर १,५०,००० पैकी एकाहून कमी आणि स्पायनल भुलेनंतर २,२०,००० पैकी एकाहून कमी रुग्णांत हिमॅटोमा होतो. स्टेरॉइड इंजेक्शनांतही हा प्रकार दुर्मीळच मानला जातो.

मात्र हे सरासरीचे आकडे आहेत. गुठळीरोधक औषध घेणारी वृद्ध व्यक्ती आणि कोणतेही औषध न घेणारा तरुण यांना असणारा धोका सारखा नसतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १९०६ पासून मणक्यातील भुलेनंतर नोंदवल्या गेलेल्या ६१ हिमॅटोमांचा अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी ४२ रुग्णांत, म्हणजे सुमारे ६९ टक्क्यांत, रक्त गोठण्याच्या क्रियेत काही ना काही दोष होता. उरलेल्यांत तो नव्हता, ही बाबही महत्त्वाची आहे; कारण कोणतेही रक्त पातळ करणारे औषध न घेणाऱ्या व्यक्तीतही हा रक्तस्राव होऊ शकतो.

## धोका वाढवणारे घटक

- औषधे : वॉरफॅरिन, ॲसेनोकुमारॉल, हिपॅरिन, एनॉक्सापॅरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन आणि ॲपिक्साबॅन ही गुठळीरोधक औषधे, तसेच क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल व टिकाग्रेलॉर ही प्लेटलेटरोधक औषधे. यांपैकी दोन औषधे एकत्र घेतली जात असल्यास धोका आणखी वाढतो.
- आजार : हिमोफिलियासारखे आनुवंशिक रक्तस्रावाचे विकार, यकृताचा सिऱ्होसिस, मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि प्लेटलेटची कमतरता. डेंग्यूच्या तापात प्लेटलेटची संख्या घटते, म्हणून अशा तापात तातडीचे नसलेले इंजेक्शन पुढे ढकलले जाते.
- वय व कण्याची स्थिती : वाढत्या वयात मणक्यांची झीज होऊन नलिका व मज्जातंतूंची छिद्रे अरुंद होतात. एपिड्युरल पोकळी आक्रसते आणि साठलेले रक्त बाहेर जाण्याच्या वाटा बंद होतात.
- जागा : मानेत एपिड्युरल पोकळी अतिशय अरुंद असते व तिला लागूनच मेरुरज्जू असतो. तेथे थोडे रक्तही घातक ठरू शकते.
- प्रक्रिया : अनेकदा सुई घालावी लागणे, सुईतून रक्त येणे, पूर्वी त्याच जागी शस्त्रक्रिया झालेली असणे.

## रक्त पातळ करणारी औषधे व दुहेरी धोका

रक्त पातळ करणारी औषधे इंजेक्शनाआधी थांबवावीत, हा या प्रश्नावरील साधा वाटणारा उपाय प्रत्यक्षात साधा नाही. ज्या कारणासाठी ही औषधे दिलेली असतात ती कारणेही जिवावर बेतणारी असतात. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या व्यक्तीने वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकुमारॉल थांबवल्यास झडपेवर गुठळी धरू शकते. हृदयाची लय बिघडलेल्या व्यक्तीस पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हृदयाच्या धमनीत अलीकडेच स्टेंट बसवलेला असताना क्लोपिडोग्रेल बंद केल्यास स्टेंट अकस्मात बंद पडून हृदयविकाराचा झटका येण्याची भीती असते. इंजेक्शनासाठी औषध थांबवल्यावर असे झटके आल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नमूद आहेत.

याचा विचार करून अमेरिकन सोसायटी ऑफ रीजनल अनेस्थेशिया अँड पेन मेडिसिन या संस्थेने इतर वेदनातज्ज्ञ संघटनांच्या सहकार्याने २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. त्यांत वेदनोपचारांचे कमी, मध्यम व अधिक धोक्याचे असे तीन गट केले आहेत. इंटरलॅमिनार आणि ट्रान्सफोरॅमिनल स्टेरॉइड इंजेक्शने मध्यम गटात येतात. तथापि रुग्ण वृद्ध असेल, त्याला पूर्वी रक्तस्राव झालेला असेल अथवा यकृत वा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल, तर त्याच इंजेक्शनाचा विचार अधिक धोक्याच्या गटाप्रमाणे करावा असे सुचवले आहे.

या तत्त्वांनुसार औषधे थांबवण्याचा सर्वसाधारण कालावधी पुढीलप्रमाणे आहे :

- वॉरफॅरिन : ५ दिवस, त्यानंतर आयएनआर ही चाचणी करून रक्त गोठण्याची क्रिया सामान्य झाल्याची खात्री.
- क्लोपिडोग्रेल : ७ दिवस.
- टिकाग्रेलॉर : ५ दिवस.
- रिव्हरॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन : ३ दिवस.
- डॅबिगॅट्रान : ४ दिवस, हे औषध मुख्यत्वे मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड अशक्त असल्यास अधिक.
- एनॉक्सापॅरिन (उपचाराची पूर्ण मात्रा) : २४ तास.

ॲस्पिरिनबाबत सरसकट नियम नाही. प्लेटलेटवरील त्याचा परिणाम ती प्लेटलेट जिवंत असेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, टिकतो. परंतु एकट्या ॲस्पिरिनमुळे वाढणारा धोका अल्प समजला जातो. म्हणून ते थांबवावे की चालू ठेवावे हे रुग्णाचा हृदयविकार आणि इंजेक्शनाची जागा पाहून ठरवले जाते. कमरेतील ट्रान्सफोरॅमिनल इंजेक्शनांसाठी गुठळीरोधक औषधे थांबवण्याचा धोकाच अधिक आहे, असेही मत काही तज्ज्ञ मांडतात.

वरील कालावधी डॉक्टरांच्या मार्गदर्शनासाठी आहेत. औषध कधी बंद करावे आणि कधी पुन्हा सुरू करावे हा निर्णय इंजेक्शन देणारे डॉक्टर व ते औषध लिहून देणारे हृदयरोगतज्ज्ञ अथवा फिजिशियन यांनी परस्परांशी बोलून घ्यावयाचा असतो. रुग्णाने स्वतःहून गोळी बंद करणे आणि ती घेत असल्याचे न सांगणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच धोकादायक आहेत.

भारतात या बाबतीत एक विशेष अडचण येते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध एकाच गोळीत अथवा कॅप्सूलमध्ये एकत्र मिळते. रुग्ण तिला 'कोलेस्टेरॉलची गोळी' किंवा 'हृदयाची गोळी' म्हणून ओळखतो. 'रक्त पातळ करणारे औषध घेता का?' या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देऊ शकतो. त्यामुळे केवळ तोंडी चौकशीवर न थांबता गोळ्यांची पाकिटे व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या प्रत्यक्ष पाहणे आवश्यक ठरते. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, तसेच लसणाचा अर्क किंवा माशाचे तेल यांसारखी पूरक उत्पादने यांचाही उल्लेख रुग्णाने करावा, अशी अपेक्षा असते.

## लक्षणे

लक्षणे बहुधा इंजेक्शनानंतर २४ तासांच्या आत दिसू लागतात. काही वेळा ती काही दिवसांनी, विशेषतः गुठळीरोधक औषध पुन्हा सुरू केल्यानंतर, उद्भवतात. पुढील लक्षणे धोक्याची समजली जातात :

- पाठीत किंवा मानेत अचानक सुरू झालेली, वाढत जाणारी तीव्र वेदना;
- हातात किंवा पायात नव्याने आलेला अशक्तपणा, चालताना पाय लटपटणे;
- वाढत जाणारा बधिरपणा, विशेषतः मांड्यांच्या आतील बाजूस व बैठकीच्या भागात;
- लघवी तुंबणे, लघवीची जाणीव न होणे किंवा शौचावरील ताबा सुटणे.

इंजेक्शनात भुलेचे औषध असल्यास पाय काही तास जड व बधिर वाटू शकतात. ही भूल उतरत जाते. उतरलेली भूल पुन्हा चढल्यासारखी वाटणे, अपेक्षित वेळेनंतरही बधिरपणा टिकणे किंवा तो पसरत जाणे ही हिमॅटोमाची खूण असू शकते. 'इंजेक्शनाचा परिणाम असेल, सकाळपर्यंत बरे वाटेल' या समजुतीने रात्र घालवल्यास उपचारांचे मोलाचे तास निघून जातात. प्रत्येक रुग्णात तीव्र वेदना होतेच असे नाही. त्यामुळे केवळ वेदना नाही म्हणून अशक्तपणाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

## निदान

संशय येताच तातडीने एमआरआय तपासणी केली जाते. तिच्यात रक्ताचा गोळा, त्याची लांबी आणि मेरुरज्जूवरील दाब स्पष्ट दिसतो. पेसमेकरसारख्या कारणाने एमआरआय करता येत नसल्यास सीटी स्कॅनचा आधार घेतात. सोबत रक्तातील प्लेटलेटची संख्या आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या केल्या जातात.

काही इतर स्थितींची लक्षणे याच्याशी मिळतीजुळती असतात. कणयुक्त स्टेरॉइड धमनीत गेल्यास मेरुरज्जूचा रक्तपुरवठा खंडित होतो. यात लुळेपणा बहुधा काही मिनिटांतच येतो. एपिड्युरल पोकळीत पू झाल्यास लक्षणे दिवसांच्या हिशेबाने वाढतात व ताप येऊ शकतो. मानेतील हिमॅटोमामुळे कधीकधी शरीराच्या एकाच बाजूचे हातपाय लुळे पडतात आणि मेंदूतील पक्षाघाताचा भास होतो. अशा रुग्णास पक्षाघात समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले गेल्यास रक्तस्राव आणखी वाढतो. म्हणून 'नुकतेच मणक्यात इंजेक्शन झाले आहे' ही माहिती आपत्कालीन विभागातील डॉक्टरांना सर्वप्रथम देणे महत्त्वाचे असते.

## उपचार

मेरुरज्जूवर दाब येऊन अशक्तपणा आलेला असल्यास तातडीची शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. मणक्याच्या मागील कमानीचा भाग काढून रक्ताचा गोळा बाहेर काढला जातो. या शस्त्रक्रियेस लॅमिनेक्टॉमी म्हणतात. त्याच वेळी गुठळीरोधक औषधाचा परिणाम उलटवला जातो. वॉरफॅरिनसाठी के-जीवनसत्त्व व रक्त गोठवणारे घटक, हिपॅरिनसाठी प्रोटामिन आणि डॅबिगॅट्रानसाठी इडारुसिझुमॅब हे प्रतिद्रव्य वापरले जाते. प्रोटामिन एनॉक्सापॅरिनचा परिणाम केवळ अंशतः उलटवते.

लक्षणे अगदी सौम्य असतील आणि ती झपाट्याने ओसरत असतील, तर काही निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेविना, परंतु रुग्णालयातच सतत देखरेखीखाली ठेवले जाते. शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयाची निगा, बेडसोअर टाळणे, फिजिओथेरपी आणि मानसिक आधार यांची गरज दीर्घकाळ भासू शकते.

## परिणाम

रुग्ण कितपत सुधारेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : शस्त्रक्रियेपूर्वी किती शक्ती शिल्लक होती आणि लक्षणे सुरू झाल्यापासून किती वेळ गेला. वर उल्लेखिलेल्या १९९४ च्या आढाव्यात लुळेपणा सुरू झाल्यापासून ८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत चांगली सुधारणा होण्याची शक्यता अधिक आढळली. ८ तासांनंतर शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरते असा याचा अर्थ नाही. परंतु प्रत्येक तासाच्या विलंबाने आशा कमी होत जाते. जेथे इंजेक्शन दिले जाते तेथे एमआरआय आणि मणक्याचे शल्यविशारद उपलब्ध नसतील, तर रुग्णास कोठे हलवायचे हे आधीच ठरलेले असणे यासाठीच गरजेचे आहे.

## प्रतिबंध

इंजेक्शनापूर्वी सविस्तर औषध-इतिहास घेणे, आवश्यक त्या रक्तचाचण्या करणे आणि कण्याचा एमआरआय पाहून पोकळीत पुरेशी जागा असल्याची खात्री करणे ही प्रतिबंधाची पहिली पायरी आहे. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशींनुसार मानेतील इंटरलॅमिनार इंजेक्शन मानेच्या सहाव्या व सातव्या मणक्यांमधील जागेच्या वर देऊ नये. तसेच सर्व इंजेक्शने क्ष-किरणांच्या साहाय्याने द्यावीत. इंजेक्शनानंतर पायांतील शक्ती तपासूनच रुग्णास घरी सोडणे, धोक्याची लक्षणे त्याला व नातेवाइकांना त्यांच्या भाषेत लिहून देणे आणि रात्री-अपरात्री संपर्क साधता येईल असा दूरध्वनी क्रमांक देणे या साध्या गोष्टीही तितक्याच उपयुक्त ठरतात.

## उपयुक्तता आणि जोखीम

गादी सरकल्यामुळे झालेल्या सायटिकात या इंजेक्शनाने काही आठवडे ते काही महिने आराम मिळू शकतो. या काळात सूज ओसरून अनेक रुग्णांची शस्त्रक्रिया टळते. केवळ कमरेपुरत्या मर्यादित जुनाट दुखण्यात त्याचा लाभ फारसा दिसून येत नाही. उतारवयात मणक्याची नलिका अरुंद झाल्याने होणाऱ्या वेदनेबाबत अमेरिकेतील १६ केंद्रांत ४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भुलेच्या औषधात स्टेरॉइड मिसळल्याने, केवळ भुलेचे औषध देण्याच्या तुलनेत, अल्पकालीन लाभ नगण्य होता किंवा मुळीच नव्हता.

या निष्कर्षास रक्तस्रावाच्या संदर्भात विशेष महत्त्व आहे. नलिका अरुंद झालेले रुग्ण बहुधा वृद्ध असतात. त्यांच्यापैकी अनेकांना हृदयविकारामुळे रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात आणि त्यांच्या कण्यात रक्त पसरण्यास जागाही कमी असते. म्हणजेच ज्या गटाला इंजेक्शनाचा लाभ सर्वांत अनिश्चित, त्याच गटाला धोका सर्वांत अधिक. त्यामुळे अशा रुग्णांत व्यायाम, फिजिओथेरपी, तोंडी औषधे किंवा योग्य वेळी शस्त्रक्रिया या पर्यायांचा विचार आधी केला जातो. याउलट, असह्य सायटिका असलेल्या व रक्त गोठण्यात कोणताही दोष नसलेल्या रुग्णाने दुर्मीळ गुंतागुंतीच्या भीतीने उपचार नाकारणेही हिताचे ठरत नाही.

## रुग्णाची संमती

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेल्या एका निकालात वैद्यकीय संमतीविषयी तत्त्वे मांडली. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, उपलब्ध पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णास दिली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. रुग्ण घाबरेल किंवा गोंधळेल असे अतिदूरचे वा केवळ तात्त्विक धोके सांगण्याची मात्र आवश्यकता नाही, असेही त्यात नमूद आहे.

एपिड्युरल हिमॅटोमा या दोन्हींच्या सीमारेषेवर येतो. निरोगी तरुणासाठी तो दूरचा धोका आहे. गुठळीरोधक औषध घेणाऱ्या वृद्धासाठी त्याला केवळ तात्त्विक म्हणणे कठीण आहे. शिवाय या गुंतागुंतीची माहिती केवळ संमतीपुरती मर्यादित राहत नाही. इंजेक्शनानंतर रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो आणि पहिली लक्षणे घरीच दिसतात. ती ओळखून रुग्णालयात परतण्याचा निर्णय रुग्णाला किंवा त्याच्या कुटुंबीयांनाच घ्यावा लागतो. त्यामुळे लक्षणांची आगाऊ माहिती असणे हा उपचाराचाच एक भाग ठरतो.